शेवंताचा मफलर

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चाळीस वर्षांपूर्वीच्या पाचवीच्या वर्गात येऊन बसा. टेबलावर सगळ्या शाळेत हरवलेल्या वस्तूंची पत्र्याची पेटी आहे. आपली वस्तू परत हवी तर तसं इंग्रजीत म्हणायचं, ‘परत मिळवणे’ या अर्थाचा मी फळ्यावर लिहिलेला एक शब्द वापरून, आणि आधीच्याने वापरलेला शब्द पुन्हा चालायचा नाही, हा माझा नियम. उरलेल्या वस्तू शनिवारी बालवाडीला जातात.

आज शनिवार आहे. चटपटीत मुलांनी ‘गेट बॅक’, ‘रिकव्हर’, ‘रिगेन’ म्हणून आपापले डबे नि पेनं नेली. फळ्यावर उरलाय ‘रिट्रीव्ह’, आणि पेटीजवळ उभी आहे बोलताना अडखळणारी शेवंता. पेटीत तिचा मफलर आहे. ताईने सासरी जाण्याआधी तो तिच्यासाठी विणला होता.

“आय रि... रि...”

“सर, देऊन टाका की. घंटा व्हायची,” मागून हणमंत म्हणतो. सगळे हसतात.

नियम मोडावा असं मलाही वाटतं. मी मफलर उचलतो.

“नको सर. म्हणते मी.”

घंटा होते, तरी कुणी उठत नाही. शेवंता श्वास घेते. “आय रिट्रीव्ह माय मफलर.”

ती मफलर गळ्यात घालते, पण जागेवर जात नाही. पेटीत वाकून ती एक इवलीशी टोपी काढते.

“ही पहिलीतल्या सोपानची. त्याला इंग्रजी येत नाही,” ती म्हणते. “सर, मला अजून एक शब्द द्या.”