उरलेल्या गोळ्या

माझे मोठे दीर घड्याळं दुरुस्त करतात. वीस वर्षं रोज सकाळी दुकानात निघण्याआधी ते आपल्या कामाच्या चिमट्यानं बाटलीतली व्हिटॅमिनची एक गोळी अलगद उचलायचे आणि जाऊबाईंच्या तळहातावर ठेवायचे. ते बघून माझ्या पोटात दुखायचं. मी कुठली गोळी घेते की नाही, हे आमच्या ह्यांना आजतागायत ठाऊक नाही.

यंदा जाऊबाईंचा हात थरथरायला लागला. पार्किन्सन्स निघाला. दवाखान्यात सोबत मीच होते.

"वीस वर्षं गोळ्या घेतल्या, त्यानंच झालं का हो हे?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"तसं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. पण तुम्हाला त्यांची गरज नाही. बंद करा."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. घ्या म्हटलं मनात, आणखी लाड करून घ्या.

घरी आलो तर दीर दुकान बंद करून वाट बघत बसलेले. त्यांनी बाटली केराच्या डब्यात टाकली, जाऊबाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि चहाचा कप त्यांच्या ओठांना लावला. "सावकाश. मला कुठं जायचंय?"

"माझा चहा गार झालाय," आमचे हे पेपरामागून म्हणाले. मी तो गरम करून आणला. काठोकाठ भरलेला कप, एक थेंब सांडला नाही.

संध्याकाळी केर टाकायला गेले तेव्हा बाटली काढून घेतली. निम्मी भरलेली होती.

मी रोज दोन घेते.