दार उघडेना

लेकीच्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन काही केल्या इन्स्टॉल होईना. दर वेळी तोच मेसेज: 'जुनं व्हर्जन चालू आहे. आधी ते बंद करा.' लॅपटॉप कितीदा तरी बंद करून चालू केला, तरी ये रे माझ्या मागल्या. शेवटी आईने आपल्या भावाला फोन लावला. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तो. आणि या नव्या घराचा पत्ता ठाऊक असलेला एकटाच.

"ताई, त्याच्यावर आणखी कोणी लॉगिन आहे का बघ," तो म्हणाला. कुठे बघायचं तेही त्याने सांगितलं.

तिथे दोन नावं होती. एक लेकीचं. दुसरं नवऱ्याचं. तिने ते भावाला वाचून दाखवलं. त्याच्यापासून लपायला तिने सिम बदललं, लेकीची शाळा बदलली, दाराला जास्तीची कडी बसवली. लॅपटॉप तेवढा जुन्या घरातून तसाच उचलून आणला होता.

"नेट बंद कर. आत्ताच्या आत्ता!" भाऊ ओरडला.

तिने वायर उपटली, तशी लेक रडकुंडीला आली. "काय गं आई! बाबा खेळत होते ना!"

"काय खेळत होते?"

"मी बनवलेला गेम. बसस्टॉपवरून आपल्या घरी यायचं. गल्ली, जिना, सगळं हुबेहूब केलंय मी. बाबा पोचलेसुद्धा. फक्त आपलं दार उघडत नव्हतं, म्हणून तर त्यांनी चॅटवर नवीन व्हर्जन टाकायला सांगितलं."