चिखलातलं पाऊल

"यावर चालायचं? येवढंच?" मालतीबाईंनी पुन्हा विचारलं.

"एवढंच, मावशी. खाडीत चालायचात तसं," जाई म्हणाली.

खाडीकाठच्या त्या संग्रहालयात बाहेरगावच्या कलाकारांना दोन महिने राहून काम करायला खोल्या दिल्या होत्या. जाई साताऱ्याची, शिल्पकार. तिनं आपल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत खाडीचा चिखल थापला होता आणि करावे गावातून मालतीबाईंना बोलावून आणलं होतं. मालतीबाईंनी जन्मभर खाडीत उतरून चिखलातले शिंपले, खुबे वेचले. गुडघ्यांनी दगा दिला, त्यालाही आता सहा वर्षं झाली. पांढऱ्या स्वच्छ खोलीत कोणी मुद्दाम चिखल आणून टाकतं हे ऐकून त्यांना राहवलं नव्हतं. ही पोर करते तरी काय ते बघायला त्या आल्या होत्या.

त्यांनी लुगडं वर खोचलं आणि पाय टाकला. गार चिखल बोटांमधून वर आला. पाठ आपोआप वाकली, हात बाजूला पसरले. आठ पावलांत भिंत आली.

"आता वळून बघा."

मालतीबाई वळल्या. खाडीत मागं वळून कोण बघतं? पुढचं पाऊल सांभाळायचं असतं, आणि मागचं पाण्यानं भरून जातं. त्या बघत राहिल्या. मग भिंतीला हात लावून हळूहळू खाली बसल्या.

"माज्या आधी कोन चाललं व्हतं यावर?"

"कोणीच नाही, मावशी."

"मंग ही माजी आय कशी आली?"

जाईला काही कळेना. मालतीबाईंनी एका ठशावर बोट नेलं, पण टेकवलं नाही.

"हे अंगठ्यापेक्षा मोठं बोट बघ. ही बाहेर पडलेली करंगली. आमी खाडीत जायचो ना, आय पुढं, मी मागं. दुसरीकडं पाय पडला तर मांडीपर्यंत आत. म्हनून तिच्या पावलात पाय टाकायचा. मान वर करायची सोय नाय. मी आठ वर्साची व्हते ती गेली तवा. फोटो नाय, काय नाय. तोंड इसरले बाय मी तिचं. पाऊल नाय इसरले."

जाईनं तारेनं त्या एका पावलाभोवतीचा चिखल चौकोनी कापला आणि अलगद पाटावर घेतला.

तेवढ्यात स्वानंद आला. तो नाशिकच्या एका संग्रहालयात नोंदी ठेवायचं काम करायचा. इथंही तेच शिकायला आला होता. वस्तू तयार झाली की त्याच दिवशी तिची नोंद, हा त्याचा नियम. त्यानं वही उघडली.

"पाऊल कोणाचं?"

"मालतीबाईंचं," जाई म्हणाली.

"हिराबायचं," मालतीबाई म्हणाल्या. "माज्या आयचं नाव लिव."

स्वानंदनं मालतीबाईंच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं. "पण मावशी, पाय तर तुमचा आहे. नोंद खोटी व्हायला नको."

"पाय माजा हाय. पाऊल तिचं हाय. तुज्या वहीत दोन्ही मावत नसतील तर तिचं लिव."

स्वानंदचं पेन थांबलं. जाई त्याच्याकडे बघत होती. मग त्यानं खाली मान घालून लिहायला सुरुवात केली.

"हिराबाई," तो लिहिता लिहिता म्हणाला. "त्यांचं माहेर कुठलं?"

मालतीबाई चपापल्या. हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"उलवा. त्या पल्याडच्या काठाचा. लगीन करून होडीतनं आली इकडं. मंग जायन, जायन म्हनायची. गेलीच नाय."

स्वानंदनं तेही लिहून घेतलं आणि पाट उचलून खिडकीखालच्या टेबलावर ठेवला. बाहेर ओहोटीनं खाडी दूरपर्यंत उघडी पडली होती, आणि पलीकडे उलव्याच्या इमारती उन्हात दिसत होत्या.

मालतीबाई उठल्या. जमिनीवर आपले चिखलाचे ठसे उमटवत टेबलापाशी आल्या. दोन्ही हातांनी पाट धरून त्यांनी हळूहळू फिरवला. पाची बोटं खाडीकडे झाली.

"असा राहू दे," त्या म्हणाल्या. "तिला तिकडं जायाचंय."