बाकी

मूर्तिजापूरच्या शाळेत गुरुजींनी फळ्यावर लिहिले होते : एक कोटी साठ लाख सोळा हजार तीन. "हिला निःशेष भागून दाखवा." पुढे शाळेची इमारत पडली, गावची शकुंतला रेल्वेगाडीही थांबली, परंतु ती संख्या अभंगच राहिली. सेवानिवृत्तीनंतर त्याच वर्गातले हिवरखेडचे जानराव आणि मूर्तिजापूरचे नबी तिला दर रविवारी आळीपाळीने एकेका मूळ संख्येने भागत, आणि फोनवर बाकी कळवीत. त्यास दहा वर्षे लोटली.

त्या रविवारी जानरावांनी चार हजार एकने भागले. भागाकार चार हजार तीन, बाकी शून्य. कोडे सुटले होते. आता फोन कोणत्या निमित्ताने करावा?

"बाकी काय बे, जान्या? पाढे विसरला का?"

"पाच उरले," जानराव प्रथमच असत्य बोलले. "आता पाळी तुही."

पुढची मूळ संख्या नेमकी चार हजार तीन होती. तिनेही निःशेष भाग जाणार, हे जाणून जानरावांनी आठवडा कसाबसा काढला.

रविवारी त्यांनी भीतभीत विचारले, "बाकी काय, नबी?"



"पुढच्या रविवारी फोन करजो," नबी म्हणाले. "दोन उरले."