टिकाऊ पट्टा

आधीच्या घड्याळाच्या पट्ट्याने मनगट सोलून निघालं होतं आणि मलम लावता लावता बायको कावली होती. म्हणून धरणाच्या कामावर नवा लागलेला पाणबुड्या पहिल्याच दिवशी स्टोअरमध्ये बसून कंपनीच्या घड्याळांचे पट्टे वाकवून वाकवून बघत होता.

"हा घे," स्टोअरवाले काका म्हणाले. "अस्सल रबर. लोण्यासारखा मऊ, आणि सहा वर्षं पाण्यात काढून एक चीर नाही."

पट्टा खरंच हाताला जाणवत नव्हता. फक्त त्याची तीन वेगवेगळी भोकं ताणून सैल झाली होती.

"काका, माझ्याआधी तिघांनी वापरलाय वाटतं. एवढी चांगली नोकरी सोडून गेले तरी कुठे?"

काकांनी सहीसाठी रजिस्टर पुढे सरकवलं.


"नोकरी कुणीच सोडली नाही रे."