बारा नंबर

"डॉक्टर, बारा आणि सत्तेचाळीस नंबरच्या काचा माझ्याकडून बदलल्या," पातळमामा म्हणाले. "माझ्या चुकीनं माझी बायको गेली."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मामांची बायको जाऊन पाच आठवडे झाले होते. मामा आज पहिल्यांदाच कामावर आले होते आणि हातातली पिशवीही न ठेवता सरळ त्यांच्या खोलीत शिरले होते.

पातळमामा हे नाव लॅबमधल्या मुलींनी ठेवलेलं. हेपटायटिस सी अंगात घेऊन वर्षानुवर्षं जगलेल्या माणसांचं लिव्हर कसकसं खराब होत जातं, याचा अभ्यास तिथं चालला होता. दर दोन वर्षांनी सुईनं लिव्हरचा दोऱ्याएवढा तुकडा काढायचा आणि मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा. मामा यंत्रावर त्या ठोकळ्याच्या चकत्या काढत, काचेवर घेत आणि रंगवत. व्रण निळे दिसत. निळं जितकं जास्त, तितकं लिव्हर गेलेलं. काचेवर नाव नसे, नुसता नंबर. कोणता नंबर कुणाचा, ते फक्त डॉक्टरबाईंच्या कपाटात. मामांच्या चकत्या एवढ्या पातळ की घरी बायको त्यांना काकडी कापू द्यायची नाही. "तुम्ही कापलीत की ताटात शोधत बसावी लागते," म्हणायची.

तीही त्या अभ्यासात होती. मुलाच्या बाळंतपणात रक्त चढवलं होतं, त्यातून तो आजार आला. कळायलाच वीस वर्षं गेली. गोळ्यांनी विषाणू गेला. मागे व्रण किती राहिले ते बघायचं, म्हणून तिनं नाव नोंदवलं. तिनं पहिल्यांदा सुई टोचून घेतली, त्या दिवसाचे म्हणून मामांच्या टेबलावर दोनच ठोकळे आले. बारा नंबर जवळजवळ स्वच्छ निघाला. सत्तेचाळीस निळ्या जाळ्यानं भरलेला.

घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधीच मामांनी विचारलं, "तू बारा ना गं?"

असं विचारायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. नंबराचं कार्ड तिच्या पर्समध्ये होतं. तिनं ते काढलं नाही.

"तुम्ही म्हणाल ते," ती हसली. "आणि दुसरं कोण होतं?"

"सत्तेचाळीस. त्याचं काही खरं नाही बिचाऱ्याचं."

"मग त्याचं काम आधी करत जा. बारा थांबेल."

तेव्हापासून सत्तेचाळीसचा ठोकळा आला की मामा तो सगळ्यांच्या आधी कापत. घरी येऊन बारा नंबरची खुशाली सांगत. ती ऐकून घ्यायची आणि मग विचारायची, "आणि आपला सत्तेचाळीस?" मामांना तिचं कौतुक वाटायचं. परक्याची केवढी काळजी!

पाच आठवड्यांपूर्वी तिला रक्ताची उलटी झाली. सकाळी झाली आणि दुपारी सगळं संपलं. दवाखान्यातला तरुण डॉक्टर म्हणाला, लिव्हर केव्हाचंच दगड झालं होतं. मामा त्याच्या अंगावर ओरडले. मग घरी बसून त्यांनी डोकं शिणवलं. स्वच्छ लिव्हर असं दगड होईलच कसं? एकच उत्तर सापडत होतं. त्या पहिल्या दिवशी आपल्या हातून काचा बदलल्या. तिचं निळं दुसऱ्याच्या नावावर गेलं आणि तिला कुणी औषध दिलं नाही.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. उठून कपाट उघडलं, फाईल काढली.

"मामा, बारा नंबर कालच येऊन गेले. बस चालवतात. ठणठणीत आहेत. काचा बदलल्या नाहीत. तुमच्या हातून आजवर एकही बदललेली नाही."

"मग ती?"

"सत्तेचाळीस."

मामा खुर्चीत बसले. पिशवी मांडीवर घेतली.

"तिला माहीत होतं?"

"पहिल्यापासून. औषधं आम्ही देत होतो."

"ती ब्लडप्रेशरची म्हणायची."

"घरी सांगा, असं मी दर वेळी म्हणायचे. तर म्हणायच्या, 'ह्यांना कळलं तर ह्यांचा हात थरथरायला लागेल. मग बाकीच्यांच्या काचा कोण करणार?'"

मामांना मागच्या खेपेचा दिवस आठवला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "आणि आपला सत्तेचाळीस?" तिनं विचारलं होतं. "निळंच निळं झालंय," त्यांनी सांगितलं होतं. "वर्ष काढलं तरी पुष्कळ." हातातल्या शर्टाची घडी तिनं मोडली आणि पुन्हा घातली. शर्ट त्यांचाच होता. मग म्हणाली, "त्याच्या घरच्यांना नका हो सांगू. एवढ्यात नको."

ती वर्ष म्हणता दोन वर्षं राहिली.

मामा उठले. हात धुतले, कोट घातला आणि आपल्या टेबलाशी गेले. पाच आठवड्यांचं काम साचलं होतं. ट्रेमध्ये अगदी पुढे सत्तेचाळीसचा ठोकळा होता, ती गेली त्याच आठवड्यातला. मामांचा क्रम मुलींना ठाऊक होता. त्यांनी तो पहिला लावून ठेवला होता.

मामांनी यंत्राला नवं पातं लावलं. तो ठोकळा उचलला, गार व्हायला बर्फावर ठेवला आणि त्याच्या मागचा कापायला घेतला.

संध्याकाळपर्यंत बाकीचे सगळे कापून झाले. सत्तेचाळीस तेवढा राहिला.