सगळ्यांचे डोळे उघडे

लग्नांत आमचे हे स्टेजसमोर फोटो काढायचे, मी दाराजवळ प्रिंटर घेऊन बसायचे. ह्यांनी बटण दाबलं की फोटो माझ्याकडे आपोआप छापला जायचा. ग्रुपमध्ये कुणाचे तरी डोळे मिटलेलेच. “इकडे बघा, डोळे उघडे ठेवा!” ओरडून ह्यांचा घसा बसायचा. “एक तरी धड काढा की,” मी चिडवायचे. “काढीन गं, मग फ्रेम करून लाव.” त्या दिवशी रांगेतल्या मावशी म्हणाल्या, “माझी हनुवटी एकच दिसेल असं कर ना!” मी हसतेय तोच स्टेजकडे गलका झाला आणि प्रिंटरमधून फोटो सरकला. वर झुंबर, भोवती वाकलेले नवरानवरी, व्याही. सगळे थेट कॅमेऱ्यात बघत होते. एकाचेही डोळे मिटलेले नव्हते. म्हणजे हे कॅमेऱ्यासकट कोसळले होते, बोट बटणावरच. कोमट फोटो घेऊन मी स्टेजकडे पळाले. मिटलेले डोळे फक्त ह्यांचे होते.